पहाड नव्हे, सिग्नलमन सोनवणे

प्रति,
स्मारक समिती, कोसाड वसाहत, सुरत.

अर्जदार: माजी हवालदार उत्तम काशिनाथ बोरसे, अर्जलेखक, पर्वत पाटिया.
शहीद: सिग्नलमन रमेश सोनवणे, कोसाड.
साक्षीदार: शहिदाची आई सुमनबाई, आणि मी स्वतः.
हरकत: येत्या रविवारी अनावरण होणाऱ्या शिळेवरील ओळ, "हा जवान नव्हता, पहाड होता."

हकीकत अशी. आमची पोस्टिंग सीमेवरच्या उंच चौकीवर होती. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्च्यावर सज्ज राहणे, मग शस्त्रसफाई, टेलिफोन लाइनची टेस्ट, पहारा. गोळाबारी सुरू झाली आणि एके सकाळी रेडिओवर एका मोठ्या नेत्याचे भाषण लागले. "आमचा एकेक जवान पहाड आहे! पहाड थकत नाही, पहाड गारठत नाही!" बंकर घोषणांनी दणाणला. माझ्याही अंगावर काटा आला, हे शपथेवर नमूद करतो. लढाईत असा शब्द दारूगोळ्याइतकाच लागतो.

रमेश बुखारीपाशी, म्हणजे बंकरातल्या शेगडीपाशी, पाय शेकत होता. म्हणाला, "हवालदार साहेब, या पहाडाचे मोजे ओले आहेत."

"पहाडा, आधी चहा ओत," मी म्हणालो. सगळे हसले.

त्याच दुपारी शत्रू पुढच्या चौकीवर चढू लागला. तिला तोफांचा आधार हवा होता, आणि नेमकी तिच्याकडची टेलिफोन लाइन तुटली. वायरलेसवर नुसती खरखर.

"लाइन?" मेजर साहेबांनी विचारले.

"डेड, सर."

"कोण जाईल?"

रमेशने वायरचे रीळ आधीच खांद्यावर घेतले होते. तार मुठीत धरून तो बर्फातून सरपटत गेला. हातमोजे घालून गाठ बसत नाही, म्हणून त्याने ते काढले. सुरतेत बापाच्या लूमवर तुटलेला धागा एका श्वासात जोडणारी ती बोटे होती. फोन वाजला, मी उचलला.

"सोनवणे बोलतोय. लाइन ओके. साहेब, बोटं पार गारठली."

"शाब्बास! माघारी ये."

पुढचा गोळा तिथेच पडला. जोड मात्र टिकला. आमच्या तोफा गरजल्या. पुढच्या चौकीतले सर्व जण जिवंत परतले.

शिळेवरची ओळ मी सुमनबाईंना वाचून दाखवली. त्या अहिराणीत म्हणाल्या, "मना रमेश पहाड नव्हता, भाऊ. त्याले भलती थंडी वाजे. पहाडले माय राहस का?"

सबब विनंती की, रविवारी नेत्यांनी भाषणात त्याला खुशाल पहाड म्हणावे. पहिली टाळी माझी असेल. भाषण मागे राहिलेल्यांना लढायला उठवते. शिळा गेलेल्याची असते. तिच्यावर एवढेच कोरावे: "सिग्नलमन रमेश सोनवणे. बोटे गारठली असतानाही त्याने तुटलेली तार जोडली."

सुमनबाईंना अक्षरओळख नाही. अनावरणानंतर त्या शिळेवर हात फिरवतील. तेव्हा हाताखाली त्यांचा मुलगाच असावा.

उत्तर रविवारपूर्वी, लेखी मिळावे.