भारतीचं लांबलचक धृपद

भारती पौनीकर जेवायलासुद्धा नीट मांडी घालून बसत नाही. एक गुडघा उभा, हात ताटात आणि कान आतल्या खोलीकडे. तिथे तिची सासू वच्छलाबाई लकवा मारल्यापासून खाटेवर आहे. डावं अंग गेलं, जीभ जड झाली, पण हाक तेवढी शाबूत राहिली. "भारती वं" ऐकू आलं की हातातलं काम जिथलं तिथे. हाक येणार हे नक्की, केव्हा येणार ते ठाऊक नाही, आणि त्यापायी बाईचा जीव सदा टांगणीला.

अशा घरात ही बाई भजनं रचते. शब्द तिचे, चालही तिचीच. तिला घर सोडता येत नाही, म्हणून मोहल्ल्यातलं बायकांचं मंडळ दर गुरुवारी तिच्याच पुढच्या खोलीत जमतं. पूर्वी तिथे हातमाग होता, आता सतरंजी, पेटी आणि खंजिरी आहे. नवं भजन हवंच असं तिला कुणी सांगितलेलं नाही. पण एखादा गुरुवार जुन्यावर भागवावा लागला, तर आठवडाभर ती भांडी आदळते. सासूला कुशीवर वळवताना ओळ सुचते, चादरी पिळताना चाल सापडते, आणि मोबाइलमध्ये गुणगुणून ठेवावी तोवर हाक येते. गेली चाल मोरीत. मग तिला राग येतो, सासूचा, देवाचा, स्वतःचा, आणि राग आला म्हणून लाजही वाटते.

तिच्या भजनांना एक खोड आहे. कडवी आखूड, आणि धृपद, म्हणजे सगळ्यांनी मिळून झेलायची ओळ, लांबच लांब. तीही फिरून फिरून घ्यायची.

"तुया धृपदात चाय होऊन जाते वं भारती," सुभद्राबाई म्हणायच्या. मंडळात त्या सगळ्यांत थोरल्या, पेटी त्यांच्याकडे. भारती हसून टाळायची. बायका धृपद झेलत असताना ती गुपचूप आत जायची, सासूला पाणी पाजायची, कूस बदलायची, आणि कडव्याला पुन्हा सतरंजीवर हजर व्हायची. गुरुवारची हाक नेमकी धृपदातच यायची, तेवढं आपलं नशीब बरं असं तिला वाटे. भक्तीबिक्ती काही नव्हे, खाटेपर्यंत जाऊन यायला जेवढा वेळ लागेल तेवढी ती ओळ लांब होती.

रामनवमीला गल्लीच्या टोकाच्या देवळात मंडळाला गायला बोलावलं आणि पंचाईत झाली.

"तिथं लोकं कंटाळतीन. धृपद काप," सुभद्राबाईंनी बजावलं.

भारतीने कापलं, पण मनाविरुद्ध. नवरा धर्मेंद्र वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामात कामाला, त्याने रजा काढली. "मी बसतो आईपाशी. तू बिनघोर जा," तो म्हणाला. तरी निघण्याआधी तिने दोनदा आत डोकावून पाहिलं.

देवळावर भोंगा लागला होता, गर्दीही बरी होती. पहिलं कडवं नीट गेलं. आखूड धृपद संपायच्या आत भारतीचा गुडघा आपोआप उभा झाला आणि नजर दाराकडे गेली. दुसरं कडवं झालं, पुन्हा नजर दाराकडे. तिसऱ्याच्या तोंडावर तिला चपलांच्या ढिगापाशी धर्मेंद्र दिसला, हात जोडून मस्त मान डोलवत. म्हणजे खाटेपाशी कुणीच नव्हतं.

तिने तोंड उघडलं, पण ओळ आली नाही. पेटी एकटीच वाजत राहिली. आणि मग सुभद्राबाईंनी धृपद उचललं, त्यांनीच कापायला लावलेलं, जुनं, अख्खं. बायकांनी ते झेललं, फिरून घेतलं. भाता ओढता ओढता सुभद्राबाईंनी हनुवटीने दार दाखवलं आणि हळूच म्हणाल्या, "जा वं. आम्ही गाऊन राहिलो."

म्हणजे या बायांना सगळं माहीत होतं, आणि इतकी वर्षं त्या तिच्यासाठी घसा कोरडा करत होत्या. भारतीचे डोळे भरून आले, पण रडायलाही सवड नव्हती.

"आईले एकटी काहून सोडली?" दारात तिने धर्मेंद्रला धरलं.

"तिनंच धाडलं मले. म्हणे, बायको गाऊन राहिली, तू तरी जाऊन ऐक."

तरी ती धावलीच.

वच्छलाबाई जागी होती. भोंग्यातून धृपद घरभर येत होतं आणि तिच्या उजव्या हाताची बोटं खाटेच्या लाकडी कडेवर ठेका धरून होती. भारतीने पाण्याचा पेला तिच्या ओठांना लावला. म्हातारीने एक घोट घेतला आणि पेला बाजूला सारला.

"कडवं तुयं हाय," ती जड जिभेने म्हणाली. "कडव्यात मी कधी बोलावलं काय तुले? जा."

भारती पेला धरून उभीच राहिली. इतक्या गुरुवारांत कडव्याला हाक खरंच कधी आली नव्हती. नशीब कसलं, म्हातारी पडल्या पडल्या धृपदाची वाट पाहत तहान धरून ठेवत होती.

ती तशीच अनवाणी पळाली. गल्लीत धृपद अजून चालूच होतं. बायकांचे आवाज बसत आले होते, पण एकही थांबली नव्हती. तिसरं कडवं भारतीने देवळाच्या पायरीवरूनच धापा टाकत उचललं आणि गातगात आत येऊन बसली, गुडघा उभा ठेवून.