बागेत बसायला आलेली माणसं

मागच्या आठवड्यात आमच्या मस्तगडच्या गल्लीतल्या कौसल्याबाईंचा थोरला मुलगा गेला... भोकरदनला शाळेत मास्तर होता, रोज बसनं जाऊन येऊन करायचा. सकाळी उठला, पाणी मागितलं, आणि आई ग्लास घेऊन येईपर्यंत संपलं होतं.

हे मी सांगून राह्यले आणि नात मोबाईलवर लिहून राह्यली. मला अक्षर येत नाही. मधेच कुठं फार शहाणपणाचं वाक्य दिसलं तर ते तिचं समजा.

कौसल्याबाईंचं घर म्हणजे जिन्यावरच्या दोन खोल्या. भेटायला येणारी माणसं बसवायची कुठं... पूर्वी अशा वेळी गल्लीत सतरंजी टाकायचो. आता गल्लीत मोटारसायकली बसतात, माणसांना उभं राहायला जागा नाही.

मंग मीच म्हणाले, समोरच्या बागेत बसू. बाग तरी केवढी... थोडं गवत, एक झोका, दोन-तीन कडुलिंब आणि कडेनं फिरायचा ट्रॅक. सकाळी सावली नेमकी त्या ट्रॅकवरच पडते, त्याला आम्ही काय करणार. बुद्धविहारातून सतरंजी आणली आणि तिथंच अंथरली.

बागेच्या फाटकाशी नियमांची पाटी आहे. मला ती वाचता येत नाही, त्यामुळे माझ्या हातून नियम मोडला तरी मुद्दाम मोडला असं कोणी म्हणू शकत नाही.

पाठकसाहेबांना मात्र पाटी पाठ आहे, कारण ती त्यांनीच लावून घेतली. बँकेतून रिटायर झालेले, बागेपलीकडच्या फ्लॅटमध्ये एकटे राहतात. बागेची कमिटी तेच बघतात आणि कुलूपकिल्लीही त्यांच्याकडेच. सकाळी दहाला फाटक बंद, ते थेट संध्याकाळी उघडणार.

फिरता फिरता आमच्यापाशी आले आणि मला बाजूला बोलावलं. "आजी, ही बाग फिरायला आहे. इथं असे कार्यक्रम नकोत. आज यांना हो म्हटलं की उद्या कोणी बारसं घेऊन येईल."

"साहेब, बारशाला बोलवावं लागतं," मी म्हणाले. "ह्याला कोणी बोलवत न्हाई. लोकं आपणहून येतात."

दहाला कुलूप लागणार एवढं सांगून ते गेले. केदारखेड्याची माणसं, कौसल्याबाईंच्या माहेरची, दुपारच्या बसनं यायची होती. पोराच्या दुःखाला आलेल्या माणसांना त्या माउलीनं काय फाटकाबाहेर उन्हात भेटायचं...

एवढ्यात ट्रॅकवर रोजची फिरणारी मंडळी आली. मोठे बूट, कानात वायरी. पण दुःखात बसलेल्या माणसांमधून कोणी ताडताड चालत जातं का... आधी एकजण थांबला, बूट काढून कडेला टेकला. मंग एक बाई टेकली. बघता बघता अर्धा ट्रॅक खाली बसला. डॉक्टरांनी त्यांना चालायला सांगितलेलं, ते त्या दिवशी राहूनच गेलं.

साहेब तेवढे बसले नाहीत. आम्हाला वळसा घालून गवतातून गेले. गवतात पाय ठेवू नये असं पाटीवर आहे म्हणे.

दहाला किल्ली हातात घेऊन ते आले. सांगायलाच आले होते की आता उठा. पण कौसल्याबाईंना वाटलं, हेही भेटायला आले. त्या सरकल्या, सतरंजीवर जागा केली आणि सकाळपासून येईल त्याला सांगत होत्या तेच सांगायला लागल्या... "पाणी मागितलं हो त्यानं. मी ग्लास आणेपर्यंत बी थांबला न्हाई."

असं कोणी सांगत असताना मधे तोडून उठा म्हणायला काळीज दगडाचं लागतं. साहेब बसले. मान खाली घालून सगळं ऐकलं.

अशा वेळी माणूस म्हणतो, फार वाईट झालं. साहेब तसं म्हणाले नाहीत. सावकाश म्हणाले, "तुम्ही ग्लास तरी आणला. आमच्या हिला मला शेवटचं पाहूही दिलं नाही."

कोरोनातली गोष्ट. बाईसाहेब गेल्या हे आम्हाला ऐकून माहीत होतं, पण तेव्हा कोण कोणाकडं जात होतं... पुढं दिवस निघून गेले आणि ते राहूनच गेलं. त्यांच्या घरी सतरंजी पडलीच नाही.

कौसल्याबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि साहेबांकडं तोंड केलं. "कसं झालं, सांगा," म्हणाल्या.

आणि साहेबांनी सांगितलं. ताप कधी आला, संभाजीनगरला कोणत्या गाडीतून नेलं, फोनवर ती शेवटचं काय बोलली... तिनं विचारलं होतं, गॅस बंद केला का. आम्ही सगळे ऐकत होतो. आलो होतो एकाच्या दुःखाला, बसलो दोघांच्या.

दहा कधीच वाजून गेले होते. फाटक उघडंच राहिलं... त्या दिवशीही आणि दुखवट्याचा शेवटचा, जलदानाचा विधी होईपर्यंत रोजच.

दुपारी केदारखेड्याची माणसं आली. साहेब तोवर घरी गेलेच नव्हते, कौसल्याबाईंच्या दिराशेजारी तसेच बसून होते. पाहुण्यांना काय माहीत... घरातलंच कोणी जाणतं माणूस असेल असं समजून एकेकजण त्यांच्याही पाठीवरून हात फिरवून पुढं सरकत होता.

आम्ही कोणी सांगितलं नाही, की हे नात्यातले नाहीत. साहेबांनीही सांगितलं नाही. डोळे मिटून, मान खाली घालून, ज्याचा त्याचा हात पाठीवर घेत राहिले...

एवढीशी बाग आमची. पण त्या माणसाला एवढ्या वर्षांनी रडायला जागा मिळाली, ती तिथंच.