मोहोळाखालची बैठक

ध्यानावर माझा काडीचा विश्वास नव्हता. डोळे मिटून नाकातली हवा बघत बसणं म्हणजे रिकामटेकड्यांचे उद्योग, असं मी बाबांना तोंडावर म्हणायची. एसटीत कंडक्टर म्हणून जन्मभर प्रवाशांवर ओरडलेला हा माणूस निवृत्तीनंतर रोज पहाटे गप्प बसू लागला, याचं शेजाऱ्यांना कौतुक आणि मला संशय. त्यात गेल्या वर्षी त्यांच्या हृदयात स्टेंट बसला. डॉक्टरांनी धावपळ बंद केली, तशी बैठक आणखी लांबली.

यंदा बुद्ध पौर्णिमेला पवनीतल्या जुन्या बौद्ध स्तूपाच्या टेकडीवर बसायचं त्यांनी ठरवलं. मी राखणीला गेले. शेजारच्या काकूही तुळशीची माळ घेऊन आल्या.

"तुमी नाव घ्या, आमी श्वास पाहातो," बाबांनी त्यांना चिडवलं. मग जमिनीतून डोकावणाऱ्या विटा दाखवत नेहमीचं प्रवचन सुरू झालं. या विटा रचल्या त्याच्याही आधी रानात ऋषी बसत. जैन मुनी उभ्या उभ्या ध्यान करत. सुफी फकीर श्वासाबरोबर अल्लाचं नाव घेतात, ख्रिस्ती साधूही मौन पाळतात.

"बसणं सगळ्याइचंच हाय, पोरी. तुलेच काहून जड जाते?"

मी सतरंजी झटकून अंथरली. बाबांनी पिंपळाच्या बुंध्याशी अगरबत्तीचा अख्खा पुडा पेटवला. पूजेला आल्यावर अगरबत्ती लावायची, एवढंच आम्हाला ठाऊक. वर कुणी पाहिलंच नाही.

वरच्या फांदीला आग्या मोहोळ होतं. धूर तिथवर गेला आणि घोंघाट खाली आला. पहिली माशी माझ्या मानेला डसली. मी ओरडून उठले, बाबांचा दंड धरून ओढू लागले. टेकडी उतरून पळायचं, तर त्यांचं हृदय. थांबायचं, तर या माश्या. मला दोन्हीकडे त्यांचं मरणच दिसत होतं.

"पळू नको. बस खाली," बाबा म्हणाले. बसायला आणलेली जाड सतरंजी त्यांनी ओढली आणि आम्ही तिघं तिच्याखाली गुडघ्यात डोकं घालून बसलो.

माश्या वरून सरपटताना कापडातून कळत होत्या. काकूंचं रामनाम ओठातल्या ओठात चालू होतं. एक माशी आत शिरली, माझ्या गालावर चालू लागली. माझा हात उठला. बाबांनी मनगट पकडलं.

"मारू नको. श्वास पाह्य."

राग आला. पुडा पेटवला यांनी आणि श्वास पाहायचा मी! पण हात हलवला नाही. माशी डोळ्याच्या कडेपर्यंत आली, थांबली, उडाली. अगरबत्त्या जळून संपल्या. कितीतरी वेळानं घोंघाट वर चढत गेला.

खाली रस्त्यावर आल्यावर मी बाबांवर तोंडसुख घेतलं. काकूंनी माझ्या मानेतला काटा नखानं काढला. बाबा रस्त्याकडेच्या एका ओट्यावर बसले होते.

"एवढं कसं जमलं तुम्हाला श्वास पाहायला?" मी अजून रागातच विचारलं.

"कायचा माहा श्वास?" ते म्हणाले. "मी तर तुहाच पाहून राहिलो होतो."

मी त्यांच्याजवळ बसले. सतरंजीखाली मीही तेवढा वेळ त्यांचाच श्वास ऐकत होते, चालू आहे ना म्हणून. ते मात्र मला सांगता आलं नाही.