पहिल्या नंबरचं पाणी

टिमकीतल्या विणकरांच्या त्या गल्लीत नळ एकच होता. पाणी पहाटे येई आणि उन्हं अंगणात उतरली की जाई. पहिलं पाणी दुसऱ्या कोणाच्या भांड्याला न लागलेलं, म्हणून ते देवाचं आणि पिण्याचं. नंतरचं सुताला खळ लावायला. असा गल्लीचा रिवाज. नळावरचा पहिला नंबर प्रयागबाईंना सासूकडून मिळाला होता आणि तो त्यांनी भांडून टिकवला होता. त्या बाळंतीण असत तेव्हा त्यांचे यजमान बाबनराव माग थांबवून घागर लावायला उभे राहत.

१९७४च्या उन्हाळ्यात त्यांची नात शामला जेवेनाशी झाली. पोट धरून बसायची. पांढरीफटक पडली होती. जंताचं औषध झालं, दृष्ट काढून झाली. शेवटी मोठ्या दवाखान्यात रक्त तपासलं. डॉक्टरांनी विचारलं, "पाणी कुठलं पिता?"

"नळाचं. अन् पयल्या नंबरचं," प्रयागबाई ताठ मानेनं म्हणाल्या.

डॉक्टरांनी नळाला येणारी नळी चाकूनं खरवडून बघायला सांगितलं. मऊ लागली आणि चमकली तर ती शिशाची. तिच्यात रात्रभर थांबलेल्या पाण्यात शिसं उतरतं, उकळून जात नाही. नळी बदला; तोवर सुरुवातीचं पाणी वाहू द्या, पिऊ नका.

घरी येऊन बाबनरावांनी चाकू लावला. रेघ चांदीसारखी उमटली.

नळी रस्त्यापासून आत घरमालकाची. मालक मारोतराव स्वतःच्या विहिरीचं पाणी पीत.

"काहून बदलू गा बाबनराव?" ते म्हणाले. "लोखंडाची गंजते. ही माह्या आज्यानं टाकली, थेंब गळत नाही. आज पोरीचं पोट दुखलं तं नळी खोदा म्हणता, उद्या कोणाचा दात दुखला तं भिंत पाडा म्हणाल."

प्रयागबाई पुन्हा दोनदा गेल्या. दुसऱ्यांदा मारोतरावांनी दारच उघडलं नाही.

मग त्यांनी गल्लीतल्या बायांना सांगून पाहिलं की रोज सुरुवातीचं पाणी सोडून देऊ. भर उन्हाळ्यात पाणी नालीत सोडायचं, हे ऐकून बाया हसल्या. प्रयागबाई रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. त्याच दिवशी शेजारच्या वच्छलाबाईंनी आपली घागर नळाखाली लावली. या नंबरासाठी त्या कित्येक वर्षं भांडत आल्या होत्या. त्यांची सून गरोदर होती.

"वच्छला, ते पाणी सुनेले देऊ नको वं. इख हाय त्यात."

"तू पेली तवा इख नव्हतं, मले भेटलं अन् इख झालं? तुह्या पोटात काहून दुखून राहिलं वं?"

प्रयागबाईंनी डॉक्टरांचं सारं बोलणं सांगितलं. चाकूची रेघ दाखवली. वच्छलाबाई म्हणाल्या, "चांदीवानी चमकते, तं वाईट कशी राहीन?" सुनेला एकटीला गाठलं तर ती खाली मान घालून म्हणाली, "सासूबाई देते ते पेतो, मावशी."

नंतरचं पाणी पिऊन पावसाळ्याच्या तोंडाशी शामला भाकर मागून खाऊ लागली. आपल्या घरापुरता प्रश्न सुटला होता. पण रोज सकाळी ती पोटुशी पोर पहिली घागर कमरेवर घेऊन समोरून जाई आणि प्रयागबाईंचा जीव तुटे.

एका पहाटे त्यांनी वच्छलाबाईंची घागर पायानं बाजूला सारली.

"हा माह्या सासूचा नंबर होय. घरात दुखणं होतं म्हणून मांगं उभी होती. सोडला नव्हता."

मोठं भांडण झालं. पण डॉक्टरांचं बोलणं ज्या गल्लीला पटलं नाही, तिला सासूचा नंबर लगेच पटला. म्हाताऱ्या बायांनीच वच्छलाबाईंना मागे सारलं. प्रयागबाईंनी घागर, बादल्या, घंगाळ, जे होतं ते भरून मागाजवळ नेलं आणि पिण्याच्या पाण्यासाठी पुन्हा शेवटी जाऊन उभ्या राहिल्या.

"पाहा वं बायांनो," वच्छलाबाई ओरडल्या. "देवाचं पाणी सुताले पाजते, पण शेजारणीले देत नाही!"

आता दुसरा नंबर वच्छलाबाईंचा होता, आणि पाणी किती वाहिल्यावर चांगलं होतं हे डॉक्टरांना विचारायचं प्रयागबाईंकडून राहून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाबनराव मागाजवळची भरलेली भांडी पाहत म्हणाले, "एवढं पाणी कायले? सूत तं एवढंसं हाय."

"तुमी चूप राहा," प्रयागबाई म्हणाल्या. "ते तेलाचं पिंप खाली करून द्या मले. उद्या तेबी नळाखाली लावतो."