पानासनं मोडलेला चंडोल

“घाई नाही, मी इथंच आहे,” पानास सगळ्यांनाच म्हणायचा. अडलेल्या गाईला, चिडलेल्या मधमाश्यांना, आणि लेक हान्ना पोलंडात कामाला गेल्यापासून चार वर्षांच्या नातीलाही. ओरिस्या मात्र त्याला बिलगत नव्हती. रडू आलं की कोपऱ्यात जायची, आजोबा जवळ गेला की चावायची. हे लेकरू आपल्या कुशीत कधी येईल, हा एकच घोर त्याला लागला होता.

मार्चमध्ये बर्फ वितळलं, रस्त्यांचा चिखल झाला आणि शेजारच्या मेलान्यानं दरवर्षीसारखे कणकेचे चंडोल, पाखरांच्या आकाराचे छोटे पाव, भाजले. पोरांनी ते टेकडीवर न्यायचे, उंच धरून वसंताला हाका मारायच्या. ओरिस्यानं आपल्या चंडोलाला मनुकांचे डोळे स्वतः लावले होते.

पानासच्या घरची रीत अशी की पहिल्या चंडोलाचं डोकं मोडून पाखरांसाठी छपरावर टाकायचं. त्यानं मेलान्याच्या टोपलीतला हाताला आला तो मोडला. तो नेमका तिचा होता.

पोरगी अंगणात कोसळली. किंचाळून किंचाळून काळीनिळी झाली.

“अगं, दुसरा घे, टोपलीभर आहेत,” मेलान्या म्हणाली. दुसरा चंडोल चिखलात भिरकावला गेला. “बघा हे लाड. पानास, एक चापट दे, बसेल गप्प.”

“नवऱ्याला इतक्या दिल्यास, तो बसला का?” पानास म्हणाला.

तो नातीपासून हातभर अंतर ठेवून चिखलातच बसला. तिला ओढलं नाही, उचललं नाही. “डोळे तू लावलेस. मोडलं मी. राग आला तुला.” लाथ आली तेव्हा त्यानं तिचा बूट हळूच धरला. “मला नाही मारायचं. चिखल बडव.”

तिनं बडवला. म्हाताऱ्याच्या दाढीवर शिंतोडे उडाले. खवळलेल्या पोळ्याचं घोंगावणं उतरावं तसा तिचा आवाज उतरत गेला, आणि हुंदक्यांतून शब्द आले.

“आता वसंत येणार नाही. आई वसंतात येणार होती.”

पानासनं दाढीवरचा चिखल पुसला. “वसंत येतो बाळा, चंडोल मोडला तरी. पण आई उन्हाळ्यात, चेरी पिकल्यावर येणार. तोवर तिची आठवण येईल. आली की माझ्याजवळ बसून रड.”

“तू मोडायला नको होतंस.”

“नकोच होतं. चुकलं माझं.”

ओरिस्यानं बाहीनं नाक पुसलं. मग सरपटत त्याच्या मांडीवर आली. “टेकडीवर जायचंय,” ती म्हणाली.

तो गुडघे सावरत उठला, तिला खांद्यावर घेतलं आणि चढाला लागला. मागून सगळी विजार चिखलानं माखलेली. मेलान्या कमरेवर टोपली घेऊन फाटकात उभी होती, दोघं चढापलीकडे दिसेनासे होईपर्यंत.