फरशीवरची नावं वाचणाऱ्या आक्का

लग्नाला गेल्यावर बाकीच्या बायका नवरीची साडी बघायच्या, आक्का कार्यालयाची भिंत बघायच्या. देणगीदारांची नावं कोरलेली संगमरवरी फरशी दिसली, की अक्षता त्यांच्या मुठीतच राहायच्या. नाव, गाव, कुणाच्या स्मरणार्थ, सगळं मोठ्यानं वाचून शेजारणीला विचारायच्या, "ह्यांची पोरंबाळं आता कुठं असत्यात गं?" एकदा तर देवळातल्या पंख्याच्या पात्यावरचं नाव वाचण्यासाठी त्यांनी भर आरतीत पंखा बंद करायला लावला होता. लोक घामाघूम, आणि ह्या मान वर करून वाचतायत!

आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांच्या यजमानांचं भांड्यांचं दुकान होतं. आक्का जैन घरातल्या, माहेर कर्नाटकाच्या सीमेकडचं, त्यामुळे बोलण्याला कानडी हेल. बाकी भाषा अस्सल कोल्हापुरी, म्हणजे बाईमाणसानंही 'मी येतो, मी जातो' असंच म्हणायचं. शाळा चौथीत सुटलेली, पण वाचायची खोड काही सुटली नव्हती.

"फरशीवर नाव घातलंय म्हंजे देनारं घर हाय," त्या म्हणायच्या, "पर दारात जाऊन इचारतंय कोन?"

त्या स्वतः जाऊन विचारायच्या. त्यातूनच त्यांना कळलं होतं, की जुन्या लोकांनी मुलांच्या शिक्षणासाठी कितीतरी ट्रस्ट करून ठेवलेत आणि त्यांच्या अटी एकेक अजब आहेत. कुणाला कुंभाराच्या घरचाच मुलगा हवा, कुणाला संस्कृत घेणारा, कुणाला आईवेगळा. अटीत बसणारं पोर सापडत नाही म्हणून शिष्यवृत्ती नुसती पडून राहते. ते पोर आक्का शोधायच्या. म्हणून तर भेटेल त्याला नको नको ते विचारायच्या. आमच्या पोस्टमनला त्यांनी त्याच्या आत्याचा धंदा विचारला, तेव्हा तो बिचारा टपाल न देताच निघून गेला होता.

माझी बारावी झाली त्या उन्हाळ्यात ही तोफ माझ्याकडे वळली. मला लहानपणापासून दगडगोटे गोळा करायचा नाद. पुण्याच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्राला प्रवेशही मिळाला होता. बाबा फाउंड्रीत साचे भरायचे. सरकारी शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज केला होता, पण ते पैसे खात्यावर येईपर्यंत कॉलेज आणि वसतिगृह थांबणार नव्हतं. "न्हाय जमलं तर स्थळं बघू," बाबा एका संध्याकाळी हळूच म्हणाले. रागानं म्हणाले असते तर मी भांडले तरी असते.

दुसऱ्याच दिवशी आक्का आल्या आणि आईला म्हणाल्या, "तुझ्या आईचं म्हायेर कुठलं गं?"

आईनं हातकणंगल्याजवळच्या एका खेड्याचं नाव सांगितलं. आक्कांचे डोळे लकाकले. तिकडे अजून कोण आहे, जमीन कुणाकडे आहे, पोरगी स्वभावानं कशी आहे, धडाधड प्रश्न सुटले. जाता जाता म्हणाल्या, "ऐतवारी एका गृहस्थास्नी घिऊन येतो. घर बघनार हाईत. पोरीला कुठं धाडू नका."

यातून गल्लीतल्या कुठल्याही बापानं जो अर्थ काढला असता तोच बाबांनी काढला. रविवारी पोहे झाले, माझ्या अंगावर आईची डाळिंबी साडी आली, बाबांनी दाढी केली. मी आत बसून डोळे पुसत होते. आक्का असा दगा देतील असं मला वाटलं नव्हतं.

आक्कांच्या मागोमाग पांढऱ्या टोपीतले मगदूमकाका आले, बसले. मी पोह्यांची ताटली पुढे केली. ते म्हणाले, "बाळ, दगडांची आवड कशी काय लागली?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "तसलं काय न्हाय, पावणं. पोरगी शांत हाय. सैपाक सगळा येतोय. पुरनपोळीसुदीक."

"अहो, वसतिगृहात मेस आहे की," काका गोंधळून म्हणाले.

"म्हंजे मुलगा अजून शिकतोय व्हय?"

काका आक्कांकडे बघायला लागले. मग आक्कांना उलगडा झाला आणि पदर तोंडाला लावून हसत त्या बाबांना म्हणाल्या, "आरं म्हादबा, लगीन न्हवं रं! फी भरायला आल्यात त्ये!"

काकांच्या आजीनं आपल्या माहेरगावासाठी ट्रस्ट केला होता. ज्या मुलीची आजी त्या गावची लेक, तिचा पदवीपर्यंतचा सगळा खर्च ट्रस्ट करणार. कितीतरी वर्षांत अशी मुलगी मिळाली नव्हती. "आमची दुसरी अट एवढीच," काका म्हणाले, "पदवी होईपर्यंत हिचं लग्न ठरवायचं नाही."

बाबा खाली बघत राहिले. पोहे गार झाले. शेवटी त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "जा पोरी, ती साडी बदलून ये."

मी आत जाऊन हमसून हमसून रडले.

आक्का गेल्या त्याला आता वर्ष होईल. मला आठवतात त्या मी पदवी घेऊन आल्यावरच्या. हात धरून त्या मला देवळात घेऊन गेल्या आणि दारातल्या देणगीदारांच्या फरशीपुढे उभं केलं.

"नावं मी वाचल्यात. आता तू सांग, ह्यो दगड कशाचा?"

समुद्रातल्या शंखशिंपल्यांचा चुना थरावर थर कसा साचतो, जमिनीच्या पोटात दाबानं आणि उष्णतेनं त्याचा संगमरवर कसा होतो, ते मी सांगितलं. आक्कांनी फरशीवर तळवा ठेवला.

"म्हंजे नाव घालायच्या आदी ह्यो समिंदरात व्हता?" त्या लहान मुलीसारख्या हसल्या. मग म्हणाल्या, "चौथीत असताना गुरुजींना इचारलंवतं, दगड कशापासनं व्हतो. म्हनले, पोरीच्या जातीला काय करायचंय? त्या साली शाळाच सुटली. फुडं कुनाला इचारलंच न्हाय."

एवढं बोलून आक्का देवळाच्या काळ्या दगडी पायरीवर ऐसपैस बसल्या आणि बाजूची जागा हातानं झाडून म्हणाल्या, "बस हितं. आता ह्ये बुडाखालचं काळं सांग."