मोठ्या टायरांची जीप

आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पॅरालिसिसचा झटका येऊन गेला. डावा हात हळूहळू बराच सुधारला, डावा पाय मात्र रुसून बसला तो बसलाच. काठी टेकत ते फाटकापाशी उभ्या असलेल्या आपल्या जुन्या जीपपर्यंत जात, बॉनेटवर हात ठेवून दम खात आणि परत येत. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आता गाडी विसरा. आण्णांनी ते मान हलवून ऐकून घेतलं आणि घरी आल्याबरोबर गॅरेजवाल्या मिस्त्रींना फोन लावला.

आमचं रान, म्हणजे शेतजमीन, नगरच्या पूर्वेला डोंगरावर आहे. खालच्या वस्तीपासून वर जायचा रस्ता म्हणजे नुसते दगडगोटे आणि ट्रॅक्टरने पाडलेल्या खोल चाकोऱ्या. जीपचं पोट मध्येच टेकायचं आणि चाकं जागच्या जागी फिरत राहायची. पूर्वी आण्णा उतरायचे, शिव्या देत चाकाखाली दगड लावायचे आणि गाडी वर काढायचे. आता उतरणं जमणार नव्हतं. मोठी टायरं घातली की गाडी उंच होईल, टेकणार नाही, उतरावंच लागणार नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं.

मी म्हटलं, "मी नेते ना तुम्हाला. जीप तुम्हीच शिकवलीय मला."

"माझ्या रानात मला कुनी न्हेऊन सोडायचं न्हाई," ते म्हणाले. "जाईन तर माझा मी जाईन."

या माणसापुढे आमच्या घरात सगळ्यांनी कधीच हात टेकलेले आहेत.

मिस्त्रींचं गॅरेज केडगावच्या पुढे, पुणे रस्त्याला. आण्णांची आणि त्यांची दोस्ती माझ्या जन्माच्या आधीची. आण्णांची सगळी नोकरी लष्करात गाड्या चालवण्यात गेली, म्हणून ते आण्णांना फौजी म्हणतात. त्यांनी टायरं चढवली आणि जीप लहान पोराने बापाच्या चपला घालाव्यात तशी दिसायला लागली. मिस्त्रींनी ती जवळच्या टेकाडावर घालून पाहिली. अर्ध्यावर इंजिनाने दम तोडला आणि क्लच जळल्याचा वास घेऊन ते परत आले.

"टायर मोठं झालं, आता इंजिनाला ते फिरवाया जड जातंय," त्यांनी मला समजावलं. "आतली दाताची चाकं बदलावी लागत्यात, पुढची आन मागची दोन्ही. शाफ्ट जाड पायजेत. क्लच तर गेलाच."

इथे आण्णांचा खरा हट्ट सुरू झाला. आमच्या नगरात लष्कराच्या लिलावातला माल भंगारवाल्यांकडे येतो, आणि इथल्या कुठल्याही जुन्या ड्रायव्हरला विचारा, त्याच्या लेखी कंपनीचा कोरा पार्टसुद्धा त्या मालापुढे पत्र्याचं खेळणं. आण्णा तर लष्करातलेच. काठी टेकत, माझ्या खांद्यावर भार टाकत ते भंगाराच्या दुकानांतून हिंडले. दाताची चाकं तिथलीच, शाफ्ट तिथलेच. क्लचसुद्धा त्यांनी एका जड लष्करी गाडीचाच निवडला.

मिस्त्रींनी तो हातात घेऊन पाहिला. "फौजी, ह्याच्या स्प्रिंगा लई कडक हायेत. पेडल दाबाया जोर लागंल."

"कडकच पायजे. चढाला घसरला न्हाई पायजे."

"आणि डाव्या पायाचं काय?" मी विचारलं.

"पाय तवर येतोय," आण्णा म्हणाले.

रोज सकाळी मी त्यांच्या डाव्या तळपायाला माझा तळहात लावून म्हणायचे, दाबा. ते दात आवळून दाबायचे. एखाद्या दिवशी मांजराने पंजा ठेवावा एवढा भार लागायचा, एखाद्या दिवशी तेवढाही नाही. मी रोज म्हणायचे, कालच्यापेक्षा बरंय. ते खरं नव्हतं आणि त्यांनाही ते कळत होतं, पण आम्ही दोघंही त्या मोडक्या आशेला धरून होतो.

काम पुरं झालं. मिस्त्रींनी जीप टेकाडावर घातली, ती न अडखळता वर गेली आणि खाली आली. मिस्त्री हसत उतरले. मग आम्ही दोघांनी मिळून आण्णांना ड्रायव्हरच्या सीटवर चढवलं. त्यांनी डावा पाय हाताने उचलून क्लचवर ठेवला. पाठ सीटला रेटली. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. पेडल बोटभर खाली गेलं आणि थांबलं. त्यांनी परत दाबलं. मग गुडघ्यावर दोन्ही हात ठेवून दाबलं. पाय सटकून खाली पडला.

मिस्त्री हळूच म्हणाले, "फौजी, आधीच्यासारखा हलका बसवतो."

"हलका चढावर जळल. तुलाबी म्हाईत हाय."

जी जीप डोंगर चढेल ती आण्णांना चालवता येणार नव्हती, आणि जी त्यांना कदाचित चालवता आली असती ती डोंगर चढणार नव्हती. तिसरी जीप जगात नव्हती. मला डॉक्टरांचा, मिस्त्रींचा, त्या भंगारवाल्यांचा आणि सगळ्यात जास्त आण्णांचा संताप आला, आणि तिथेच मोठ्याने रडावंसं वाटलं.

आण्णांनी स्टिअरिंगवरून हात फिरवला. "काम एक नंबर केलंस," ते मिस्त्रींना म्हणाले, आणि स्वतःच खाली उतरायला लागले.

जीप मी चालवली. क्लच खरोखर दगडासारखा होता. "रानात जाऊ या का? आत्ताच?" मी विचारलं. ते म्हणाले, "घरी चल." शेजारच्या सीटवर ते समोर बघत बसले होते. मी गिअर बदलला की त्यांचा डावा पाय खालच्या पत्र्यावर उगाच जरासा दाबला जायचा. इतक्या वर्षांची सवय, ती कुठे जाणार. मी मुद्दाम तिकडे बघत नव्हते, तरी दर खेपेला दिसत होतं.

केडगाव मागे पडल्यावर ते म्हणाले, "रान इकून टाकू."

पुढच्या चौकात मी गिअर बदलला, तेव्हा त्यांचा पाय हलला नाही.